कंडक्टर काढला की खर्च जातो कुठे? विनावाहक सिटी बसचा हिशोब

प्रश्न असा विचारलाय की आपल्या शहरांतल्या बसमधून कंडक्टर काढून टाकला, ड्रायव्हर एकटाच गाडी नेईल, तिकीट मोबाईलवर नाहीतर कार्डावर, तर तोट्यातली बससेवा सावरेल का, आणि लोकांना त्याचा त्रास किती होईल.

मी एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात २७ वर्षं काढली. कंडक्टर म्हणून बिल्ला लावला, नऊ वर्षं ड्युटी केली, मग कंट्रोलर, मग टाइमटेबल बसवणाऱ्या खात्यात आणि शेवटची काही वर्षं वाहतूक अधिकारी. दोन मार्गांवर विनावाहक गाड्यांचा प्रयोग आमच्याकडे झाला तेव्हा त्याचं वेळापत्रक मीच बसवलं होतं, त्यामुळे काय चुकलं तेही मला चांगलं माहितीये. उत्तर लांब होणार आहे कारण ह्या विषयात एका ओळीचं उत्तर देणाऱ्यांनीच घोळ घातलाय.

आधी बचतीची बाजू, कारण ती खोटी नाहीये. सरकारी बस उपक्रमात सगळ्यात मोठा खर्च पगाराचा असतो, डिझेल त्याच्या मागे. आणि एका गाडीला एक कंडक्टर लागतो असं नसतं. दोन पाळ्या म्हणजे दोन, त्यांची साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की एका गाडीमागे अडीचच्या वर कंडक्टर हजेरीपटावर ठेवावे लागतात. त्यामुळे बजेट मांडताना कुणाचीही नजर पहिल्यांदा तिथेच जाते, आणि त्यात अधिकाऱ्याची चूक आहे असं मला वाटत नाही. चूक पुढे होते. कंडक्टरचा पगार कागदावरून खोडला की त्याने केलेलं कामही खोडलं गेलं असं धरून चालतात, तिथे.

कंडक्टर म्हणजे कोण ते आपल्या कायद्यातच नीट लिहिलंय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २ मधली व्याख्या बघा: भाडं गोळा करणारा, आणि प्रवाशांच्या चढण्या-उतरण्यावर नियंत्रण ठेवणारा. दोन कामं. तिकीट हे त्यातलं एकच. आणि ह्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये, ड्रायव्हरने कंडक्टरचं काम करायचं असेल तर कुठल्या अटींवर, हे ठरवायची मुभा राज्य सरकारला दिलेली आहे, म्हणजे विनावाहक गाडी बेकायदा वगैरे अजिबात नाही. पण मशीन आणि ॲप जे काढून घेतं ते पहिलं काम, दुसरं काम बसमध्येच उरतं आणि ते आता कुणाचं, हे कुठल्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आता आकड्यांवर येऊ. खाली घेतलेले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या शहराचे घालून हाच हिशोब परत करता येईल.

एक मार्ग घ्या, १५ किलोमीटरचा, एका बाजूला ६० मिनिटं, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा. पूर्ण फेरी १४० मिनिटांची. दर १० मिनिटांनी गाडी द्यायची तर १४ गाड्या. दोन पाळ्यांत २८ कंडक्टर ड्युट्या, सुट्टी-रजेसकट ३६ माणसं, एकाचा सगळा खर्च महिन्याला ४५ हजार धरला तर १६ लाख २० हजार. हीच ती बचत, जी प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरात असते.

आता ड्रायव्हर तिकीट देणार. एका बाजूच्या फेरीत ६० जण चढतात असं धरा. कंडक्टर असताना लोक नुसते चढतात आणि तिकीट गाडी चालू असताना फाडलं जातं, ही त्या जुन्या पद्धतीची सगळ्यात मोठी ताकद होती आणि ती कुणाच्या लक्षातच येत नाही. ड्रायव्हरकडे तिकीट म्हणजे गाडी उभी. कुठे जायचं ते विचारणं, मशीनवर टप्पा दाबणं, पैसे घेणं, सुट्टे देणं, माणशी सरासरी ८ सेकंद जास्त धरले तरी एका बाजूला ८ मिनिटं झाली. फेरी १४० ची १५६ मिनिटांवर गेली. त्याच दर १० मिनिटांच्या सेवेला आता १४ नाही, १६ गाड्या लागतात. त्या दोन जादा गाड्यांचा हप्ता, विमा, दोन पाळ्यांचे ड्रायव्हर, डेपोत जागा, असा न फिरताही होणारा खर्च एका गाडीला महिन्याला अडीच लाख धरा, झाले पाच लाख. ड्रायव्हरला जादा कामाचा भत्ता रोज १०० रुपये दिला तर ३२ ड्युट्यांचे साधारण एक लाख. गाडीत माणूस नाही म्हणून मार्गावर सहा तपासनीस वाढवले, दोन लाख सत्तर हजार. १६ लाख २० हजारातले हे वजा केले की साडेसात लाख राहतात.

म्हणजे बचत आहेच, नाही असं कुणी म्हणू नये, पण ती निम्म्याहून कमी झाली आणि अजून तिकिटाच्या उत्पन्नाला हात लावलेला नाहीये. ह्या मार्गावर दोन्ही बाजूंच्या मिळून दिवसाला १९२ फेऱ्या होतात, साडेअकरा हजार प्रवासी, सरासरी १२ रुपये तिकीट, महिन्याला साधारण साडेएक्केचाळीस लाख. ह्यातले १८ टक्के गळाले की उरलेली बचत शून्य. १८ टक्के खूप वाटतात, पण गर्दीच्या गाडीत मागच्या दाराने चढून विनातिकीट जाणारे, कमी टप्प्याचं तिकीट काढून पुढे जाणारे, आणि गाडी रखडते म्हणून कंटाळून शेअर रिक्षाकडे आणि टू-व्हीलरकडे गेलेले असे तिन्ही एकत्र धरा म्हणजे मग हा आकडा लांबचा वाटणार नाही.

प्रत्यक्षात तर होतं असं की त्या दोन जादा गाड्या कुणी देतच नाही. गाड्या १४ च राहतात, फेरी लांबते, आणि दिवसाच्या साधारण दहा टक्के फेऱ्या गुपचूप कमी होतात. थांब्यावर उभ्या माणसाला कुणी सांगत नाही की कंडक्टर काढल्यामुळे तुमची गाडी उशिरा येतेय, त्याला फक्त वाटतं की बससेवा बिघडली. आणि त्या साडेअकरा हजार माणसांनी गाडीत बसून सरासरी चार-चार मिनिटं जास्त घालवली तर रोजचे ७६८ तास होतात, एकाच मार्गावर! हा खर्च लोकांनी भरला, उपक्रमाच्या वहीत तो कुठेही लिहिला जात नाही.

आमच्या प्रयोगाच्या तिसऱ्या दिवशी मी सकाळी साडेनऊला एका थांब्यावर स्टॉपवॉच घेऊन उभा होतो, सरकारी दवाखान्यासमोरचा थांबा, रांग पंधरा-सतरा जणांची. गाडी आली, पुढचं दार उघडलं. पहिली बाई पायरीवर उभी राहून पदराची गाठ सोडतेय, पैसे त्यात. तिच्या मागच्या मुलाच्या हातात मोबाईल पण क्यूआर उघडेना, नेट गेलेलं, तो पायरीवरच, आत जाईना बाहेर येईना. तिसऱ्याने पाचशेची नोट काढली. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढलेला, डावा हात मशीनवर, सुट्ट्याचा डबा इंजिनच्या कव्हरवर, त्यातली नाणी मोजताना तो आरशात बघायचंच थांबला. मागच्या दाराने तेवढ्यात सहा जण चढले, त्यांचं तिकीट कुणी विचारणार नव्हतंच. मागे दोन गाड्या आणि एक ॲम्ब्युलन्स हॉर्न वाजवत. एका थांब्यावर दोन मिनिटं चाळीस सेकंद. कंडक्टर असताना मी त्याच थांब्यावर आधीच्या आठवड्यात मोजलं होतं, तेवढ्याच रांगेला पस्तीस सेकंद लागले होते. शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल की हे चालणार नाही, पण वरच्या मीटिंगमध्ये तो आकडा ठेवला तेव्हा उत्तर आलं की लोकांना हळूहळू सवय होईल. मला आजही त्या उत्तराचा राग येतो, कारण सवय ड्रायव्हरला करायची होती, पदराची गाठ सोडणाऱ्या बाईला करायची होती, मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाच करायची नव्हती.

दुसरा प्रकार म्हणजे खाली उभा कंडक्टर, ग्राउंड कंडक्टर. गाडीत कुणी नाही, मोठ्या थांब्यावर उभा राहून तो चढण्याआधी तिकीट देतो. मुंबईत बेस्टने मिनी एसी गाड्या काही मार्गांवर अशा चालवल्या. स्टेशन ते ऑफिस भाग असा छोटा, दोन टोकांत भरणारा मार्ग असेल तर हे झकास चालतं, गाडी भरली, तिकिटं झाली, निघाली. पण मधल्या थांब्यांचं काय? सगळ्या थांब्यांवर माणूस उभा करायचा तर गाडीतल्यापेक्षा जास्त कंडक्टर लागतील, म्हणून मग मधले थांबे एकतर वगळले जातात नाहीतर तिथून चढणारा फुकट जातो. थांबे वगळले की सगळ्यात आधी मार खातो तो म्हातारा माणूस आणि बाजाराची पिशवी घेतलेली बाई, ज्यांना अर्धा किलोमीटर पुढे चालत जाणं जमत नाही. शिवाय खालच्या कंडक्टरला पाऊस, ऊन, बसायला स्टूल नाही, लघवीला जायची सोय नाही, बायका ह्या ड्युटीवर असतील तर विचारूच नका.

आणि वेट-लीजची गोष्ट. हा मुद्दा बाहेरच्या लोकांना माहीत नसतो पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. आता बहुतेक शहरांत नव्या गाड्या, खास करून इलेक्ट्रिक, ठेकेदाराच्या असतात. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, मेंटेनन्स त्याचा, उपक्रम त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देतो आणि तिकिटाचे पैसे उपक्रमाचे. अशा गाडीवर कंडक्टर हाच उपक्रमाचा एकमेव माणूस असतो. ठेकेदाराला प्रवासी किती चढले ह्याच्याशी देणंघेणं नाही, किलोमीटर झाले की बिल निघतं, आणि ठरलेले किमान किलोमीटर करारात असतात. मग ड्रायव्हरवर घाई कसली? वेळेत फेरी मारायची. थांब्यावर पाच जण हात दाखवतायत, गाडी न थांबवता गेला तर ठेकेदाराचं काहीच बिघडत नाही. कंडक्टर असला की तो एक बेल देतो, गाडी थांबवावीच लागते, सगळे चढल्याशिवाय डबल बेल पडत नाही. ती दोरी, किंवा आताचं ते बटण, म्हणजे उपक्रमाचा हात होता गाडीवर. तो काढला आणि वर जीपीएसवर बघून दंड लावू म्हणाले, पण जीपीएसला गाडी थांब्याजवळून गेली एवढंच कळतं, तिथे कुणी हात दाखवत उभं होतं हे कळत नाही.

वर सांगितलेला दोन जादा गाड्यांचा खर्चही ह्या करारात पहिल्या वर्षी दिसत नाही. दर किलोमीटरला ठरलेला असतो, गाडी रखडली तर ठेकेदाराची गाडी दिवसाला कमी फिरते, झळ त्याला बसते. मग पुढच्या टेंडरमध्ये तो दर वाढवून भरतो, आणि तोपर्यंत कंडक्टर काढून पैसे वाचले असा अहवाल सादर झालेला असतो.

विनातिकीट प्रवासाबद्दल थोडक्यात. कलम १२४ सांगतं की तिकीट किंवा पास असल्याशिवाय स्टेज कॅरेजमध्ये, म्हणजे टप्प्याप्रमाणे भाडं घेणाऱ्या बसमध्ये, प्रवास करता येत नाही, आणि कलम १७८ मध्ये त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशात कंडक्टर नसलेल्या बऱ्याच बस ह्याच दंडाच्या धाकावर चालतात, सॅन फ्रान्सिस्कोने तर २०१२ पासून सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली आणि तपासनीस मध्येच चढून तिकीट बघतात. पण ह्यात तपासनीस रोज दिसला पाहिजे, आणि गाडीत त्याला हलता आलं पाहिजे. आपल्याकडे गर्दीच्या वेळेला ज्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते तिथे तपासनीस आत शिरणार कसा? तो थांब्यावर उतरणाऱ्यांचीच तिकिटं बघतो, त्यावरून भांडणं, त्यात गाडी अजून दहा मिनिटं उभी.

मोफत आणि सवलतीच्या प्रवासाचा एक गुंता ह्यात आहे तोही सांगतो. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बस मोफत झाली तेव्हा त्यांना गुलाबी तिकीट द्यायला लागले, कर्नाटकात ११ जून २०२३ ला शक्ती योजना आली तेव्हा शून्य रुपयाचं तिकीट. फुकट आहे तर तिकीट कशाला असं लोक विचारतात. कारण सरकार उपक्रमाला त्याची भरपाई तिकिटं मोजून देतं. तिकीट फाटलं नाही तर भरपाईचा हिशोब कशावर मांडणार? एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तिथेही सवलतीचे पैसे सरकारकडून यायचे तर प्रत्येक अर्ध्या तिकिटाची नोंद हवी. म्हणजे जिथे सवलती जास्त तिथे कंडक्टरची गरज कमी होत नाही, वाढते. कंडक्टर काढायचा असेल तर आधी सवलतीचं कार्ड प्रत्येक लाभार्थ्याच्या हातात पडलं पाहिजे आणि ते टॅप झालं पाहिजे, नाहीतर उपक्रमाचे सरकारकडून येणारे पैसेही गेले.

आता लोकांवर काय परिणाम होतो ते. लो-फ्लोअर गाडीत मधल्या दाराशी व्हीलचेअरसाठी रॅम्प असतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो हाताने उचलून बाहेर उलटायचा असतो, वजनदार असतो, कडेला हुक. कंडक्टर असेल तर तो उतरतो, रॅम्प टाकतो, खुर्ची आत घेतो, पट्टा लावतो. विनावाहक गाडीत हे ड्रायव्हरने करायचं, म्हणजे इंजिन सांभाळून, केबिनचं दार उघडून, गर्दीतून मधल्या दारापर्यंत यायचं. मी एकदा पाहिलंय, खुर्चीवरची मुलगी कॉलेजची असावी, ड्रायव्हरने खिडकीतून हाताने खूण केली की मागची गाडी घे. मागची गाडीसुद्धा विनावाहकच होती. ती मुलगी तिथेच थांबली, मी आणि पानवाल्याने मिळून तिसऱ्या गाडीत तिला चढवलं. त्या ड्रायव्हरला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, त्याला भर ट्रॅफिकमध्ये गाडी सोडून उठायचीच परवानगी नव्हती.

रात्रीच्या गाडीचंही तसंच. २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना ट्रॅकिंग आणि पॅनिक बटण सक्तीचं झालं, कॅमेरे लागले, चांगलीच गोष्ट आहे. पण शेवटच्या गाडीत चारच माणसं आहेत आणि त्यातला एक दारू पिऊन बाईच्या शेजारी येऊन बसला, तर ती पॅनिक बटण दाबत नाही हो. ती कंडक्टरकडे बघते. आणि कंडक्टर म्हणतो, काका, इकडे पुढे येऊन बसा. संपला विषय. ह्याची कुठे नोंद होत नाही, तक्रार होत नाही, म्हणून कंडक्टरच्या कामात ते मोजलंही जात नाही, पण मुलीला रात्री बसने येऊ द्यायचं का नाही हे घरचे त्यावरच ठरवतात. दिल्लीने तर बसमध्ये कंडक्टर असतानाही वर प्रवाशांच्या सुरक्षेसाठी मार्शल नेमले होते, म्हणजे तिथल्या सरकारला गाडीतल्या माणसाची किंमत कळली होती, पुढे २०२३ मध्ये ते बंद झाले ती गोष्ट वेगळी.

दार हा तिसरा मुद्दा, जीवावरचा. ड्रायव्हरला मागचं दार आरशातून किंवा छोट्या स्क्रीनवर दिसतं, गर्दीत माणसांच्या पाठीच दिसतात. पदर, ओढणी, दप्तराचा पट्टा दारात अडकणं, म्हातारा अजून शेवटच्या पायरीवर असताना गाडी हलणं, हे सगळं डबल बेलच्या आधीच्या त्या दोन सेकंदांत कंडक्टर बघत असतो. दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलूच नये असं इंटरलॉक नव्या गाड्यांत असतं आणि ते चालू असेल तर धोका बराच कमी होतो. पण दार लागायला उशीर होतो म्हणून ते काढून ठेवलेल्या गाड्या मी डेपोत पाहिल्यात.

ड्रायव्हरबद्दल मी खूप लिहू शकतो पण एकच सांगतो. आठ तास शहरातलं ट्रॅफिक, त्यात प्रत्येक थांब्यावर पैशांचा व्यवहार, संध्याकाळी भरणा करताना दोनशे रुपये कमी पडले तर स्वतःच्या खिशातून. सुट्ट्यांवरून झालेल्या भांडणानंतर लगेच गिअर टाकून पुढच्या सिग्नलकडे निघालेल्या माणसाच्या डोक्यात काय चालू असेल? एसटीने २०१९ मध्ये चालक तथा वाहक अशी भरती काढली होती, एकाच माणसाकडे दोन्ही लायसन्स. ते सोयीचं आहे, पण दोन्ही कामं येणं वेगळं आणि दोन्ही एकाच वेळी करणं वेगळं.

एवढं वाचून वाटेल की मी विरोधातच आहे. तसं नाहीये, आणि जिथे हे चालतं ते मनापासून सांगतो. एसटीची विनावाहक विनाथांबा गाडी कित्येकांनी वापरली असेल, स्टँडवर खिडकीत तिकीट, गाडी भरली की निघाली, मध्ये चढणं-उतरणं नाही, म्हणून कंडक्टरचं दुसरं कामच तिथे शिल्लक राहत नाही. अहमदाबादचा जनमार्ग, म्हणजे बीआरटी, बससाठी राखीव लेन आणि स्टेशनं असलेली सेवा, २००९ मध्ये सुरू झाला, तिथे तिकीट स्टेशनवर, फलाट गाडीच्या पातळीला, गाडीत फक्त ड्रायव्हर. पण नीट बघा, तिथे तिकिटाच्या खिडकीत माणूस आहे, दाराशी माणूस आहे. म्हणजे कंडक्टरचं काम गाडीतून उतरून स्टेशनवर गेलं आणि त्या स्टेशनांचा खर्च शहराने उचलला. पुण्यात २०१५ ला रेनबो बीआरटी झाली, स्टेशनं बांधली, पण तिकीट गाडीतच राहिलं, कारण त्याच गाड्या पुढे साध्या रस्त्यावरही जातात.

लंडनचं उदाहरण सगळे देतात, ते पूर्ण द्यावं. तिथे कंडक्टरवाली शेवटची नेहमीची रूटमास्टर, म्हणजे मागून उघडी असलेली जुनी डबलडेकर, ९ डिसेंबर २००५ ला, १५९ नंबरच्या मार्गावर धावली. टॅप करून भाडं भरायचं ऑयस्टर कार्ड २००३ मध्येच आलेलं होतं. आणि बसमध्ये रोख पैसे घेणं बंद कधी केलं? ६ जुलै २०१४ ला, जेव्हा रोखीने भाडं भरणारे जेमतेम एक टक्का उरले होते. २०१२ मध्ये मागचं उघडं दार असलेली नवी बस आणली तर त्या दाराशी परत माणूस ठेवावा लागला, तिकिटासाठी नाही, फक्त दार सांभाळायला. २०१६ मध्ये खर्चामुळे ती माणसं काढली तेव्हा ते मागचं दार चालत्या गाडीत बंदच ठेवावं लागलं. ह्यातला क्रम महत्त्वाचा आहे, आधी पैसे गाडीबाहेर गेले, मग माणूस गेला.

आपल्याकडे उलटा क्रम लावायची घाई आहे. वरच्याच मार्गाचा हिशोब परत करा, पण ह्यावेळी ६० पैकी ४५ जण कार्ड टॅप करतात आणि फक्त १५ जण रोख देतात. रोखीची दोन मिनिटं, टॅपचा एखादा सेकंद धरला तर एका बाजूला पावणेतीन मिनिटं. टोकावरच्या १०-१० मिनिटांतून तीन-तीन मिनिटं काढली की तीच १४ गाड्यांची सेवा, तीच दर १० मिनिटांची, बसते. एकही जादा गाडी नाही. म्हणजे सगळा खेळ रोख किती टक्के आहे ह्यावर आहे. माझा ठोकताळा असा की एखाद्या मार्गावर रोख एक चतुर्थांशाच्या खाली आल्याशिवाय तिथून कंडक्टर हलवू नये, आणि आल्यावरसुद्धा गर्दीच्या वेळेला आणि रात्री आठनंतर ठेवावा. देशभर बस-मेट्रोत चालावं म्हणून काढलेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड २०१९ मध्ये आलं, मुंबईत बेस्टने २०२२ मध्ये टॅप-इन टॅप-आउट, म्हणजे चढताना-उतरताना मशीनवर कार्ड किंवा मोबाईल लावायचा, सुरू केलं, म्हणजे साधनं आहेत, पण कार्ड मिळण्याची आणि रिचार्जची सोय प्रत्येक वस्तीत कोपऱ्यावरच्या दुकानात पाहिजे, ॲपवर नको. बस वापरणाऱ्यांत ज्यांच्याकडे साधा फोन आहे तेच जास्त बसवर अवलंबून असतात.

भाड्याचाही ह्याच्याशी संबंध आहे. मुंबईत ९ जुलै २०१९ ला किमान भाडं ५ रुपये केलं, ९ मे २०२५ ला ते १० झालं. दोन्ही एका नाण्यात बसतात, सुट्ट्यांची कटकट नाही. एसी गाडीचं किमान भाडं आधी ६ होतं, आता १२, इथे ड्रायव्हरला सुट्टे द्यावे लागणारच. ज्याला विनावाहक गाडी चालवायचीय त्याने भाड्याचे टप्पे आधी सरळ करावेत, ५-१०-२० असे, हे एकच काम फुकटात होण्यासारखं आहे आणि तेच कुणी करत नाही.

राहिला नोकऱ्यांचा प्रश्न. दहावी झालेल्या मुला-मुलींना मिळणाऱ्या ज्या थोड्या पक्क्या नोकऱ्या होत्या त्यात कंडक्टरची एक, आणि गेल्या काही वर्षांत बायका ह्या कामात बऱ्याच आल्या. नोकरी टिकवण्यासाठी गाडी चालवा असं मी म्हणणार नाही, तो युक्तिवाद प्रवाशाला पटणारही नाही. पण भरती थांबवून, निवृत्तीने संख्या कमी करत, उरलेल्यांना तपासनीस, स्टेशनवर मदतनीस, गर्दीच्या वेळेचे दारावरचे माणूस असं बदलत नेता येतं. एका रात्रीत ठेकेदाराच्या माणसांनी जागा भरायची ही पद्धत मला मान्य नाही, कारण सहा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला मार्गावरचे टप्पे, शाळेची वेळ, दवाखान्याचा थांबा काहीच माहीत नसतं.

तुमच्या शहरात असा प्रस्ताव आला तर परिवहन समितीला माझ्या मते चारच गोष्टी लेखी विचारा. त्या मार्गावर आज रोखीचं तिकीट किती टक्के निघतं, फेरीची वेळ किती मिनिटांनी वाढेल आणि त्यासाठी किती जादा गाड्या दिल्यात, रॅम्प कोण टाकणार, आणि सवलतीच्या प्रवाशांची नोंद कशी होणार. बचत दर किलोमीटरला सांगितली तर ती दर प्रवाशाला किती तेही मागा, कारण गाडी रिकामी धावली तरी किलोमीटरचा खर्च कमी दिसू शकतो. प्रयोग करायचा झाला तर तीन महिने, त्यात एक महिना पावसाळ्याचा आणि एक शाळा सुरू असतानाचा हवाच. मे महिन्याच्या सुट्टीत केलेला प्रयोग मी धरतच नाही, आमच्याकडे नेमका तोच केला होता, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही मार्गांवर कंडक्टर परत पाठवायला लागले.